नागिणीवरील औषधे : दुष्परिणाम आणि दक्षता

नागीण, कांजिण्या, ओठांवर वा जननेंद्रियांवर वारंवार उठणारे फोड हे हर्पीस कुळातील विषाणूंचे विकार होत. त्यांवर प्रामुख्याने अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसिक्लोव्हिर ही औषधे दिली जातात. व्हॅलासायक्लोव्हिरचे शरीरात अ‍ॅसायक्लोव्हिरमध्येच रूपांतर होते.

अ‍ॅसायक्लोव्हिरला कार्यान्वित करणारे विकर विषाणूच पुरवतो. त्यामुळे औषधाचा प्रभाव मुख्यत्वे बाधित पेशींपुरता राहतो आणि निरोगी पेशींना फारशी झळ पोहोचत नाही. मळमळ, उलटी, जुलाब, डोकेदुखी हे नेहमीचे दुष्परिणाम बहुधा सौम्य असतात.

मूत्रपिंडे

हे औषध मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडते. शरीरात पाणी कमी असल्यास त्याचे स्फटिक मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत साचून मार्ग अडवू शकतात. शिरेवाटे वेगाने दिल्यास हा धोका वाढतो. म्हणूनच ते किमान १ तासभर सावकाश सोडले जाते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनीही मूत्रपिंडांवर ताण येतो. नागिणीच्या वेदना असह्य झाल्याने ही औषधे परस्पर घेणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

मेंदू

मूत्रपिंडे दुर्बल असल्यास औषध शरीरात साठते. मग गोंधळलेपणा, असंबद्ध बोलणे, भास, हातापायांना कंप, गुंगी अशी लक्षणे दिसू शकतात. वृद्धांमध्ये ती वार्धक्याची म्हणून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो. वेळीच ओळखून औषध थांबवल्यास रुग्ण बहुधा काही दिवसांत पूर्ववत होतो.

दक्षता

नागिणीसाठी प्रौढांना साधारणतः अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा देतात. मूत्रपिंडांचे कार्य बरेच मंदावले असल्यास ते ३ किंवा २ वेळांवर आणावे लागते. मधुमेही, वृद्ध व मूत्रपिंडविकारग्रस्तांनी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी, अन्य औषधांची माहिती डॉक्टरांना द्यावी. पाणी कमी पिण्याचे पथ्य नसल्यास ते पुरेसे प्यावे. लघवी कमी होणे, भ्रम, चेहऱ्यावर सूज वा श्वासाचा त्रास जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुष्परिणामांच्या भीतीने उपचार लांबवणेही हितावह नाही. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की मृत्यू ओढवतो, हा समज निराधार आहे. परंतु त्यापायी झाडपाल्यात दिवस दवडले जातात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलेले औषध सर्वाधिक गुणकारी ठरते.