उलट्या चेहऱ्याची गोष्ट

२५ मे २०२० ची ईद आम्ही घरातच केली. ईदगाह बंद, मशिदीला कुलूप, गळाभेट तर विचारूच नका. दुपारी अम्मीने शीरखुर्म्याचा डबा भरून दिला आणि म्हणाली, गुरुजींना देऊन ये. कुरुंदवाडहून पंचगंगेचा पूल ओलांडला की नृसिंहवाडी. ईदच्या दिवशी गुरुजींकडे डबा जाणं ही आमच्या घरची जुनी रीत आहे. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. हात धुऊन, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून मी वाडीत शिरलो. पेढ्यांची आणि बासुंदीची दुकानं बंद होती. देवळाकडे जाणारा रस्ता इतका रिकामा मी फक्त पुरात पाहिला होता.

गुरुजी ओसरीवर लॅपटॉप मांडून बसले होते. डबा घेण्याआधी म्हणाले, "अरे बाबा, हे काय होऊन बसलंय बघ. नातीला मी उलटा दिसतोय."

मुलगा जर्मनीत. एप्रिलमध्ये त्याला मुलगी झाली आणि विमानं तर मार्चपासूनच बंद. काकूंच्या साध्या फोनवर आवाज यायचा, चेहरा नाही. घरात मुलाने मागे ठेवलेला दहा-अकरा वर्षांचा लॅपटॉप होता. विंडोज त्याला झेपेना म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच त्यावर उबंटू घालून दिलं होतं. गुरुजी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे ऐकत ऐकत त्यात बऱ्यापैकी रुळलेही होते. आता ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल लावला की पलीकडे गुरुजी छताला पाय लावल्यासारखे दिसत. मुलाने तिकडे फोन उलटा धरून पाहिला, तर पडद्यावरचं चित्रही वळलं आणि पुन्हा उलटंच राहिलं. शिवाय गुरुजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं लॉकडाऊनमुळे पुढे ढकललेलं. ते हसत बोलत होते, पण त्यांना ते लागलं होतं.

मी म्हणालो, "गुरुजी, दोन दिवस द्या." लागले सहा. त्या सहा दिवसांत मला या छोट्याशा काचेच्या डोळ्याचा जो इतिहास वाचायला मिळाला, तो इथे सांगतो.

आधी वाडीचाच एक किस्सा. इथलं दत्ताचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे की त्याला शिखर नाही, आणि नवा माणूस लांबून पाहतो तेव्हा मशिदीचा भास होतो. सांगतात ते असं की, विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती इथे परत आली, म्हणून बादशहाने देऊळ बांधवलं आणि औरवाड व गौरवाड ही गावं इनाम दिली. आख्यायिका आहे, तिचा कागद मागू नये. पण आमच्या भागात ती हिंदूही सांगतात आणि मुसलमानही, आणि गुरुजी तर वर्गात नदीचा धडा शिकवतानाही ती घुसडायचे. त्या दिवशीही म्हणालेच, "शहजादीचे डोळे आले इथं. माझा कॅमेरा का येत नाही?"

वेबकॅमची सुरुवात फारच घरगुती आहे. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं भांडं असे. लांबच्या मजल्यावरचा माणूस जिने उतरून यायचा आणि भांडं रिकामं. म्हणून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झकी यांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचं काळं-पांढरं चित्र सगळ्यांच्या पडद्यावर आणलं. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि जगभरची माणसं परक्या खोलीतली कॉफी बघू लागली. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला. दरम्यान १९९४ मध्ये क्विककॅम बाजारात आला आणि संगणकाचा डोळा घरोघरी जाण्याची वाट मोकळी झाली.

डोळा आला, पण तो बोलतो कोणती भाषा? खरी भानगड इथे आहे. लिनक्सवर अॅलन कॉक्स यांनी व्हिडिओ फॉर लिनक्स नावाची व्यवस्था उभी केली, ती १९९९ च्या २.२ या आवृत्तीतून सर्वांपर्यंत आली. ती झाली गावाची वेस. वेशीतून आत कोण येणार हे मात्र प्रत्येक कॅमेऱ्याच्या कंपनीवर होतं. यूएसबीच्या चिंचोळ्या तारेतून चित्र पाठवायचं तर ते दाबून, गुंडाळून पाठवावं लागे, आणि गुंडाळण्याची रीत प्रत्येकाची वेगळी, बहुतेकदा गुप्त. कंपनी विंडोजसाठी सीडी द्यायची आणि विषय संपला म्हणायची.

२००४ मध्ये यावरून एक जोरदार भांडण झालं. फिलिप्सच्या कॅमेऱ्यांचा ड्रायव्हर नेमोसॉफ्ट या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थाने केला होता. त्याचा अर्धा भाग उघडा होता, पण मोठं चित्र उलगडणारा भाग कंपनीशी झालेल्या कराराने बांधलेला, म्हणून बंद. कर्नेल सांभाळणाऱ्यांनी म्हटलं, बंद भागासाठी आमच्या घरात खुंटी ठोकता येणार नाही, आणि ती काढली. लेखक रागावला, माझं सगळंच काढा म्हणाला, आणि सगळंच निघालं. ज्यांचे कॅमेरे काल चालत होते त्यांचे आज आंधळे झाले. नंतर ल्युक साइयार यांनी ती गुंडाळी उलगडून दाखवली आणि ड्रायव्हर परत आला. मी या भांडणात कोणाच्या बाजूचा आहे? वाचताना लेखकाची दया आली. पण ज्याची किल्ली एकाच माणसाच्या खिशात आहे ते सर्वांच्या घराला लावू नये, हे म्हणणाऱ्यांचंच मला पटतं.

माझा आवडता माणूस मात्र वेगळाच आहे. मिशेल झार, फ्रान्समधले डॉक्टर. पेशाने संगणकवाले नाहीत. रुग्ण पाहून उरलेल्या वेळात हे गृहस्थ कॅमेऱ्यांच्या चिपा काय बोलतात ते ऐकत बसायचे आणि ड्रायव्हर लिहायचे. २००७ पर्यंत त्यांच्या एकट्याच्या कामामुळे दोनशेहून अधिक जातींचे वेबकॅम लिनक्सवर दिसू लागले होते. तरी त्यांचं काम कर्नेलमध्ये जाईना, कारण चित्र उलगडण्याचं काम ते कर्नेलच्या पोटातच करत आणि तिथे ते नको, असा नियम. मग जाँ-फ्राँस्वा मुआन यांनी त्याची नव्याने मांडणी केली, ऑक्टोबर २००८ च्या २.६.२७ मध्ये ते सामील झालं, आणि उलगडण्याचं काम हान्स दे गूद यांच्या लिबव्ही४एल या बाहेरच्या लायब्ररीकडे गेलं. त्याच वर्षी जुलैत लॉराँ पिंशार यांचा यूव्हीसी ड्रायव्हरही कर्नेलमध्ये आला होता. यूव्हीसी म्हणजे २००३ मध्ये ठरलेली सर्व यूएसबी कॅमेऱ्यांची सामाईक बोली. ती बोलणारा कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, खोचला की चालू.

गुरुजींच्या लॅपटॉपचा कॅमेरा हीच सामाईक बोली बोलत होता. मग उलटा का?

कारण साधं आहे आणि थोडं चीड आणणारं. काही कंपन्यांनी लॅपटॉपच्या झाकणात कॅमेऱ्याची पट्टी उलटी बसवली. त्यांच्या विंडोज ड्रायव्हरला हे ठाऊक, तो चित्र गुपचूप सुलटं करी. इतरांना सांगायची गरज कोणाला वाटली नाही. कर्नेलवाले म्हणाले, चित्र फिरवणं आमचं काम नव्हे. म्हणून दे गूद यांनी लिबव्ही४एलमध्ये उलट्या लॅपटॉपची यादीच ठेवली. मशीनच्या बोर्डावर नोंदलेलं नाव यादीत सापडलं की चित्र वळवायचं. ही यादी लोकांच्या तक्रारींतून वाढत गेली. गुरुजींच्या मशीनचं नाव त्यात होतं! म्हणजे कोण कुठला माणूस, याच मॉडेलसमोर उलटा बसून, कंटाळून, एक पत्र लिहून गेला होता.

मग तरी का चालेना? कारण ब्राउझर त्या लायब्ररीला विचारतच नाही. तो थेट कॅमेऱ्याकडे जातो. यादी वापरणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये गुरुजी सरळ दिसत आणि कॉलमध्ये उलटे. चार दिवस मी मशीन बिघडलं असं समजून नको ते करत होतो.

इथे इब्न अल-हैसम यांची आठवण आली. व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरतो की कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला आणि तो त्यांनी दिला. आपल्या लोकांना तो फार आवडतो, पण तो खरा नाही. कॅमेरा हा लॅटिन शब्द आहे, त्याच्यामागे ग्रीक, अर्थ कमान किंवा खोली. अकराव्या शतकात कैरोत बसून त्यांनी काय केलं हेच पुरेसं मोठं आहे, त्याला खोट्या शब्दाचं तोरण कशाला? अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून प्रकाश घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि ग्रहणातल्या सूर्याची कोर पलीकडे कशी उमटते ते मांडलं. अशा छिद्रातून पडणारं चित्र उलटं असतं. पण डोळ्याच्या बाबतीत मात्र त्यांनी असा सिद्धांत बांधला की आत प्रतिमा सुलटीच राहावी. डोळ्याच्या पडद्यावर चित्र उलटंच पडतं, हे केप्लरने १६०४ मध्ये सांगितलं. ते सुलटं कसं होतं, हा प्रश्न त्याने पुढच्यांवर सोडला. एवढी मोठी माणसं जिथे अडली तिथे मी सहा दिवस अडलो, तर काय बिघडलं, असं स्वतःला समजावलं.

उपाय सापडला तो असा. व्ही४एल२लूपबॅक नावाचं एक मॉड्यूल आहे, ते संगणकात एक खोटा कॅमेरा तयार करतं. एफएफएमपेग हे चित्रावर काम करणारं जुनं मुक्त अवजार. त्याला एका ओळीत सांगायचं: खऱ्या कॅमेऱ्यातून घे, फिरव, खोट्या कॅमेऱ्यात ओत. ब्राउझरला खोटा कॅमेरा दाखवायचा. आधी तो ब्राउझरच्या यादीतच येईना. मॉड्यूल चढवताना एक जादा सूचना द्यावी लागते, तेव्हा ब्राउझर त्याला कॅमेरा मानतो. मशीन तापू लागलं म्हणून चित्र लहान केलं, ६४० बाय ४८० वर आणलं.

३१ मेला, रविवारी, गुरुजींनी कॉल लावला. डोकं वर, पाय खाली. काकूंनी हात जोडले. पलीकडून मुलगा म्हणाला, "बाबा, मागचं कॅलेंडर उलटं वाचावं लागतंय." मी फक्त वर-खाली फिरवलं होतं, त्यामुळे डावं-उजवं आरशासारखं राहिलं. तिथल्या तिथे ओळीत आणखी एक शब्द घातला आणि कॉल पुन्हा लावला. आता अक्षरं सरळ. मुलाने बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ऑपरेशन झालेला डोळा पडद्याजवळ नेऊन म्हणाले, "कान माझ्यावर गेलेत."

ती ओळ मी लॅपटॉप सुरू होताना आपोआप चालेल अशी करून दिली. पुढचं वर्षभर रोज संध्याकाळी वाडीतून जर्मनीला कॉल होत राहिला. नोव्हेंबरात, पाडव्याला देवळं आणि मशिदी उघडल्या तेव्हा गुरुजींनी लॅपटॉप हातात धरून नातीला लांबून देऊळ दाखवायचा प्रयत्न केला, पण वायफाय ओसरीच्या पायरीपर्यंतच पोचायचं.

जुलै २०२१ च्या पुरात पाणी पुन्हा वाडीत शिरलं. गुरुजींना आधीच नातेवाइकांकडे हलवलं होतं, लॅपटॉप माझ्याकडे आणून ठेवला होता. पुरानंतर काही आठवड्यांत गुरुजी गेले. नातीची आणि त्यांची समोरासमोर भेट झाली नाही.

मुलगा आला तेव्हा आमच्या घरी येऊन बसला. लॅपटॉप परत देताना त्याने विचारलं, "बाबांचं काही रेकॉर्ड झालंय का रे यात? तू तो कॅमेरा फिरवला होतास ना?" मी त्याला ती ओळ उघडून दाखवली. घे, फिरव, ओत. साठव असं तिच्यात कुठेच नव्हतं. ओळीच्या शेवटी एका फाइलचं नाव लिहिलं असतं, तर गुरुजींना विचारून, रोजचा चेहरा डिस्कवर राहिला असता. त्यावेळी ते मला सुचलं नाही, आणि त्यांनाही.