कारेता

तोयोसुला बदली होऊन आलो त्याच महिन्यात माझा अपमान झाला. निदान मला तरी तसं वाटलं.

झालं असं, की बँकेच्या हिशेबाचा एक प्रोग्राम माझ्या गळ्यात होता. बारा वर्षांपूर्वी पुण्यात बसून मीच लिहिलेला. आमच्या जपानी साहेबांनी तो बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, हा अगदी 'कारेता' आहे. घरी येऊन शब्दकोश उघडला. कारेता म्हणजे वाळलेला, सुकलेला! झाड वाळतं तसा! पंचेचाळिशी ओलांडलेल्या इंजिनियरला हे ऐकून कसं वाटेल सांगा. ऑफिसातली पोरं रोज नवीन काहीतरी शिकून येतात, आणि आपण वाळलेले...

दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं. साहेब हसायलाच लागले. ती शाबासकी होती म्हणे! इथल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या बोलीत कारेता म्हणजे वर्षानुवर्षं वापरून ज्यातल्या सगळ्या खोडी निघून गेल्या आहेत असं. आपण लोणचं मुरलं म्हणतो ना, तसंच. आणि मग त्यांनी विचारलं, "लहानपणी तुम्ही गेम अँड वॉच खेळला होतात का?"

खेळलो होतो की! मिरजेला आमच्या मामाने दुबईहून आणला होता. तळहाताएवढा, नाव 'पॅराशूट'. वरून हेलिकॉप्टरमधून माणसं खाली पडतात, आपण होडी डावीकडे-उजवीकडे करून त्यांना झेलायचं. चुकलं की पाण्यात शार्क तयारच. तीन चुका झाल्या की खेळ खलास. टिक टिक आवाज वाढत जातो आणि बोटांना विचार करायला वेळच उरत नाही. गल्लीतली पोरं रांग लावायची. बटन सेल संपले की घड्याळवाल्याकडे जायचं, तो घड्याळाचेच सेल घालून द्यायचा. हा खेळ आणि माझा वाळलेला प्रोग्राम यांचा संबंध काय, ते साहेबांनी सांगितलं, आणि मग मीही शोधून शोधून वाचलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते कॅल्क्युलेटरपासून. १९६४ साली शार्पचा इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आला तो २५ किलो वजनाचा आणि ५ लाख ३५ हजार येन किमतीचा! १९७२ साली कासिओने हातात मावणारा काढला, किंमत १२,८०० येन. पुढच्याच वर्षी शार्पने लिक्विड क्रिस्टलचा पडदा लावला, त्यामुळे सेल खूप दिवस पुरायला लागले. मग दोघांची अशी काही जुंपली की किमती कोसळत गेल्या. कारकुनांसाठी बनवलेली चिप आणि पडदा, दोन्ही मातीमोल झाले.

हे आधी अमेरिकेतल्या मॅटेलच्या लक्षात आलं. १९७६ साली त्यांनी 'ऑटो रेस' काढला. चिप कॅल्क्युलेटरच्याच जातीची, गाड्या म्हणजे पडद्यावरच्या लाल रेघा, आणि सगळा प्रोग्राम ५१२ बाइटमध्ये. माझ्या आजच्या एका ईमेलची सहीसुद्धा त्यापेक्षा मोठी असेल! १९७८ साली मिल्टन ब्रॅडलेचा 'सायमन' आला. चार रंगांचे दिवे ज्या क्रमाने लागतील त्याच क्रमाने बटणं दाबायची. तोही प्रचंड खपला.

जपानमधला आपला नायक म्हणजे गुनपेई योकोई. क्योतोचा माणूस, इलेक्ट्रिकल इंजिनियर. १९६५ साली तो निन्टेंडोत लागला, तेव्हा ती कंपनी पत्ते छापायची आणि याचं काम पत्त्यांच्या मशीनची देखभाल! वेळ जाईना म्हणून त्याने कैचीसारखा लांब होणारा एक हात बनवला. मालक हिरोशी यामाउचींनी तो बघितला. आता नोकरी जाणार असं याला वाटलं असेल, पण मालक म्हणाले, याचं खेळणं कर. १९६६ चा हा 'अल्ट्रा हँड' दहा लाखांवर खपला.

पुढे एकदा शिनकानसेनमध्ये योकोईला एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो आपल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसला होता. योकोईच्या मनात आलं, प्रवासात कुणाच्या नकळत खेळता येईल असं काहीतरी मोठ्या माणसांसाठी करावं. दोन्ही हातांत मांडीवर धरलं की शेजाऱ्याला दिसायलाही नको! एक दिवस मालकांचा ड्रायव्हर आला नाही आणि गाडी चालवायची पाळी योकोईवर आली. वाटेत सहज त्याने ही कल्पना बोलून दाखवली. मालक हूं की चूं बोलले नाहीत. पण ज्या बैठकीला ते निघाले होते तिथे त्यांच्या शेजारी शार्पचे अध्यक्ष होते. थोड्याच दिवसांत शार्पची माणसं दारात हजर.

२८ एप्रिल १९८० ला पहिला गेम अँड वॉच निघाला. नाव 'बॉल', किंमत ५,८०० येन. चेंडू वर उडवून झेलायचे, बस्स. कॅल्क्युलेटरचा आठचा आकडा जसा सात काड्यांचा असतो, तशा इथे काड्यांच्या जागी हात आणि चेंडू आधीच चितारून ठेवलेले. कुठली काडी कधी काळी करायची एवढंच चिपने ठरवायचं. खेळ नसेल तेव्हा घड्याळ, म्हणजे विकत घ्यायला सबबही तयार. केला होता मोठ्यांसाठी, पण पोरांनीच तो पळवला. मालिकेतले सगळे खेळ मिळून जगभर ४ कोटी ३४ लाख खपले. रशियात १९८४ साली याची नक्कल निघाली, लांडगा आणि अंडी अशी. तीही पोरांनी डोक्यावर घेतली.

योकोई आपल्या पद्धतीला म्हणायचा 'वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार'. वाळलेल्या म्हणजे तेच हो, कारेता! नवीन आणि महाग वस्तूच्या मागे धावायचं नाही. जी स्वस्त झाली आहे, जिच्या खोडी माहीत आहेत, ती भलत्याच कामाला लावायची. १९८९ चा गेम बॉयही तसाच. पडद्याला ना रंग, ना दिवा. स्पर्धकांकडे रंगीत पडदे होते, पण ते सेल खायचे. गेम बॉय चार सेलवर कितीतरी तास चालायचा. शेवटी टिकला तोच.

योकोईचंही सगळंच जमलं असं नाही. १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' सपशेल आपटला. १९९६ साली त्याने निन्टेंडो सोडलं आणि ४ ऑक्टोबर १९९७ ला रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. वय अवघं ५६.

हे सगळं तोयोसुत बसून वाचताना गंमत वाटते. हे बेटच समुद्रात भर घालून केलेलं. बॉल निघाला तेव्हा इथे जहाजांचा कारखाना होता. २००२ साली तो बंद झाला. २००६ साली तिथे मॉल उघडला, आणि त्यात पोरांनी मोठ्यांची कामं खेळायची किडझानिया. जुन्या क्रेन मात्र पाडल्या नाहीत, अजून उभ्या आहेत. मोठ्यांचं जुनं झालं की पोरांचं नवं होतं, असा इथला कायदाच दिसतो!

मागच्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक 'पॅराशूट' मिळाला, १९८१ चा. सेल आणले ते इथल्याच सेव्हन-इलेव्हनमधून. जपानमधलं पहिलं सेव्हन-इलेव्हन १९७४ साली तोयोसुतच उघडलं, तेच हे. सेल घातले आणि चाळीस वर्षांवरचा म्हातारा टिक टिक करायला लागला.

आमचे चिरंजीव दहा वर्षांचे. पडदा बघून म्हणाले, "बाबा, एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. पाऊण तासाने सौ.ने जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. १८७ वर तिसरी चूक झाली होती. २०० झाले की आधीच्या चुका माफ होतात हे मी त्याला सांगून बसलो होतो, त्यामुळे स्वारी हट्टाला पेटलेली.

असो. माझा प्रोग्राम अजून चालतोय. परवा एक नवीन पोरगा त्याला हात लावायला घाबरत होता. म्हटलं, घाबरू नकोस, कारेता आहे तो.