घर कोणाचे? परदेशी जोडीदार, ब्रिटनचा कायदा आणि १९८५ चा एक विजय

१/
२८ मे १९८५. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनमध्ये कायमच्या स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा प्रश्न साधा होता : पुरुषाला आपली परदेशी पत्नी ब्रिटनमध्ये आणता येते, मग आम्हाला आपला परदेशी पती का आणता येत नाही? हा लिंगभेद आहे, असे न्यायालयाने एकमताने म्हटले. ब्रिटिश सरकारने अवघ्या तीन महिन्यांत निकालाची अंमलबजावणी केली. ती कशी केली, हा या थ्रेडचा विषय आहे.

२/
‘स्पाउस व्हिसा’ हा शब्द आज अनेक मराठी घरांत परिचयाचा झाला आहे. नागरिक किंवा कायम रहिवासी असलेली व्यक्ती आपल्या परदेशी जोडीदाराची ‘स्पॉन्सर’ होते आणि जोडीदाराला काही वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळतो. अर्ज पाहिला तर परीक्षा परदेशी माणसाची आहे, असे वाटते. इतिहास वाचताना मात्र दिसते, की परीक्षा बहुधा स्पॉन्सरचीच घेतली गेली. हा देश तिचे घर आहे की नाही, हा त्या परीक्षेतील मूळ प्रश्न होता.

३/
या प्रश्नाचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. १८७० च्या ब्रिटिश कायद्यानुसार विवाहित स्त्रीचे राष्ट्रीयत्व पतीच्या राष्ट्रीयत्वाप्रमाणे ठरत असे. ब्रिटिश स्त्रीने परदेशी पुरुषाशी विवाह केला, की जन्मभूमीतच ती परकी ठरे. पुढे या नियमाला काही मुरडी पडल्या, तथापि तो पूर्णपणे गेला १ जानेवारी १९४९ रोजी, नवा राष्ट्रीयत्व कायदा अमलात आल्यावर. कायदा गेला, पण पत्नीचे घर म्हणजे पतीचे घर, ही त्यामागील समजूत प्रशासनात टिकून राहिली.

४/
१९४९ पासून राष्ट्रकुलातील नागरिकांना, म्हणजे भारतीयांनाही, ब्रिटनमध्ये जाऊन राहण्यास मोकळीक होती. १९६२ च्या कायद्याने ती संपवली आणि कामासाठी येणाऱ्यांना परवाने सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पुरुषाची पत्नी आणि १६ वर्षांखालील मुले यांचा प्रवेशाचा हक्क मात्र कायद्यातच नोंदवला गेला. पतीला असा हक्क नव्हता. त्याला प्रवेश मिळे तो सरकारी धोरणाच्या कृपेने, आणि कृपा केव्हाही मागे घेता येते.

५/
तसेच झाले. जानेवारी १९६९ मध्ये मजूर पक्षाचे गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी राष्ट्रकुलातील पती आणि नियोजित पती यांच्या प्रवेशावर बंदी जाहीर केली. अपवाद फक्त विशेष अडचणीच्या प्रकरणांचा. भारत-पाकिस्तानातून येणारे तरुण विवाहाच्या मार्गाने कामाच्या परवान्याची अट टाळतात, असे सरकारचे म्हणणे होते. स्त्रीने पतीकडे राहावयास जावे, हे गृहीतक येथे धोरण म्हणून उभे राहिले. स्त्रियांच्या संघटनांनी चळवळ केली आणि १९७४ मध्ये रॉय जेन्किन्स यांनी ही बंदी उठवली.

६/
मग पत्नींचा मार्ग निर्वेध होता काय? मुळीच नाही. १९६९ पासून कुटुंबीयांना निघण्यापूर्वीच मायदेशातील ब्रिटिश कचेरीतून प्रवेशपत्र घेणे सक्तीचे झाले. मुलाखती होत, पती-पत्नींना वेगवेगळे प्रश्न विचारले जात, उत्तरांतील विसंगती हेरली जाई. उपखंडातील कित्येक कुटुंबांची वर्षे या प्रतीक्षेत गेली. हक्क कागदावर होता, तो सिद्ध करण्याचे ओझे स्त्रीच्या शिरावर होते.

७/
या संशयाने कोणती पातळी गाठली, ते २४ जानेवारी १९७९ रोजी दिसले. त्या दिवशी ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका हीथ्रो विमानतळावर उतरली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या पुरुषाशी तिचा विवाह ठरला होता. तीन महिन्यांत विवाह करणाऱ्या वाग्दत्त वधूला तेव्हा आगाऊ प्रवेशपत्र लागत नसे, पत्नीला लागे. ती आधीच विवाहित असावी, असा अधिकाऱ्यांना संशय आला. तो तपासण्यासाठी विमानतळावर डॉक्टरकडून तिच्या कौमार्याची तपासणी करण्यात आली.

८/
१ फेब्रुवारी रोजी ‘द गार्डियन’ने ही बातमी छापली. भारतात संताप उसळला आणि ब्रिटिश गृहखात्याला ही प्रथा थांबवावी लागली. हा एखादा तुरळक प्रकार होता, असा समज पुढे अनेक वर्षे राहिला. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाचे संशोधक इव्हान स्मिथ आणि मारिनेला मार्मो यांनी २०११ च्या सुमारास अभिलेखागारातील कागद उजेडात आणले, तेव्हा उपखंडातील ब्रिटिश कचेऱ्यांत अशा किमान ८० तपासण्या झाल्याचे पुढे आले.

९/
त्याच वर्षी, मे १९७९ मध्ये, मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. परदेशी पतींचा प्रवेश रोखण्याचे आश्वासन त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होते. १९८० च्या नियमांनुसार पतीला बोलावण्याचा अधिकार अशाच स्त्रीला उरला, जी ब्रिटिश नागरिक आहे आणि जी स्वतः किंवा जिच्या आई-वडिलांपैकी एक जण ब्रिटनमध्ये जन्मला आहे. नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण आशिया, आफ्रिका किंवा कॅरिबियनमधून येऊन नागरिक झालेली स्त्री या चाळणीतून आपोआप गळत होती.

१०/
त्याच नियमांत आणखी एक कलम होते. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा नाही, याची खात्री पटली पाहिजे. १९८३ मध्ये जन्मस्थळाची अट गेली आणि सर्व ब्रिटिश नागरिक स्त्रियांना पती आणता येऊ लागला. मात्र हेतू निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी स्पष्टपणे अर्जदारावर आली. विवाह खरा असणे पुरेसे नव्हते. मनात काय नव्हते, हे सिद्ध करायचे होते.

११/
येथे मराठी वाचकाला ‘घरजावई’ हा शब्द आठवावा. भारतीय रीतीप्रमाणे मुलगी सासरी जाते, तर हा तरुण उलट पत्नीच्या घरी का निघाला आहे, असा युक्तिवाद अधिकारी नकारपत्रांत करीत. म्हणजे ज्या रूढीला आधुनिक ब्रिटन मागास म्हणे, तीच रूढी ब्रिटिश मुलीविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जात होती. तरुणाला विचारले जाई, की परवाना नाकारला तर पत्नी भारतात येईल का? ‘नाही’ म्हटले, की हेतू ब्रिटनचा ठरे. ‘होय’ म्हटले, की मग तिला तिकडेच जाऊ द्या, असे उत्तर तयार असे.

१२/
नागरिक नसलेल्या, परंतु कायम रहिवासी असलेल्या स्त्रियांना १९८३ नंतरही दार बंदच होते. स्ट्रासबर्गला गेलेल्या तिघींपैकी नर्गिस अब्दुलअझीझ मलावीत जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या होत्या. त्यांच्या पतीचा जन्म आपल्या शेजारच्या, तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या दमणचा. आर्सेली कबालेस फिलिपिन्समधून आलेल्या परिचारिका होत्या. सोहेर बालकंदाली मूळच्या इजिप्तच्या, पती तुर्की. त्या ब्रिटिश नागरिक झाल्या होत्या, पण १९८० च्या नियमातील जन्मस्थळाच्या अटीने त्यांना अडवले होते.

१३/
सरकारने बचाव केला, की येणारे पुरुष नोकऱ्या शोधतात, स्त्रिया तुलनेने कमी. म्हणून बेकारीच्या काळात पतींना रोखणे आवश्यक आहे. समाजात सलोखा राखण्याचे कारणही पुढे केले गेले. न्यायालयाने मान्य केले, की रोजगाराचे संरक्षण हा वैध हेतू आहे, पण त्यासाठी पती आणि पत्नी यांत एवढा भेद करणे समर्थनीय नाही. वंशभेदाचा आरोप मात्र न्यायालयाने स्वीकारला नाही. आपल्या पसंतीच्या देशात संसार थाटण्याचा सरसकट हक्क असल्याचेही मान्य केले नाही.

१४/
या शेवटच्या मुद्द्यातच सरकारला पळवाट सापडली. न्यायालयाने समानता मागितली होती, ती कोणत्या पातळीवर असावी हे सांगितले नव्हते. ऑगस्ट १९८५ मध्ये नियम बदलले. कायम रहिवासी स्त्रियांना पती आणण्याची मुभा मिळाली, परंतु ‘मुख्य हेतू’सह ज्या कसोट्या आजवर पतींना लागू होत्या, त्या आता पत्नींनाही लागू झाल्या. भेदभाव खरोखरच संपला. संशय मात्र सर्वांच्या वाट्याला आला.

१५/
एक गट अजून सुरक्षित होता. १९७३ च्या आरंभी ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांना पत्नी-मुले आणण्याचे संरक्षण १९७१ च्या कायद्याने दिले होते. १९८८ च्या कायद्याने तेही काढून घेतले. पुन्हा समानतेची भाषा, पुन्हा वजाबाकी. तीन स्त्रियांनी स्वतःसाठी मागितलेल्या न्यायाची किंमत अशा रीतीने इतर कुटुंबांनी मोजली. यात त्या तिघींचा दोष काहीच नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

१६/
एक विलक्षण अपवाद १९९२ मध्ये निर्माण झाला. सुरिंदर सिंग हे भारतीय नागरिक आणि त्यांची ब्रिटिश पत्नी काही वर्षे जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले होते. युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने ठरवले, की अशा प्रसंगी पतीला युरोपीय कायद्याचे संरक्षण आहे. म्हणजे जी ब्रिटिश स्त्री कधी देशाबाहेर गेलीच नाही, तिच्यापेक्षा युरोपात नोकरी करून परतलेल्या स्त्रीचा हक्क मोठा ठरला! स्वतःच्या घरात पूर्ण नागरिक होण्यासाठी आधी घर सोडावे लागत होते.

१७/
जून १९९७ मध्ये गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी ‘मुख्य हेतू’चे कलम रद्द केले. पण परीक्षाकाळ उरला होता. पहिल्या वर्षात विवाह मोडला, तर जोडीदाराचा राहण्याचा आधारच जाई. त्यामुळे मारहाण सोसणाऱ्या स्त्रिया देश सोडावा लागण्याच्या भीतीने गप्प राहत. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेने हा प्रश्न लावून धरला आणि १९९९ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या पीडितांसाठी सवलत मिळाली. परीक्षाकाळ मात्र २००३ मध्ये दोन वर्षांचा आणि २०१२ मध्ये पाच वर्षांचा झाला.

१८/
२०१२ मध्ये हेतूची जागा उत्पन्नाने घेतली. स्पॉन्सरचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असावे, अशी अट आली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर गेली. ही अट स्त्री-पुरुष, गोरे-काळे सर्वांना सारखीच आहे. परंतु अर्धवेळ काम करणारी आई, लहान गावातील परिचारक, नुकतीच नोकरी धरलेला तरुण यांच्यासाठी ती सारखी नाही. १९८० मध्ये जन्मस्थळ विचारले जाई, आता पगारपत्रक विचारले जाते.

१९/
हे वाचून केवळ ब्रिटनकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या (१९५५) कलम ५ मध्ये भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या ‘स्त्रियां’साठी नोंदणीने नागरिकत्वाची तरतूद होती, परदेशी पतींसाठी तशी नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द आला. त्याच वाक्यात पाच वर्षांच्या वास्तव्याची नवी अटही आली. आज ती मुदत सात वर्षांची आहे. समानता आणि वजाबाकी येथेही हातात हात घालून आल्या.

२०/
म्हणून १९८५ चा निकाल विजय होता की पराभव, असे विचारले तर माझे उत्तर असे : तो विजयच होता, कारण स्त्रीचे घर पतीच्या देशात असते हे गृहीतक त्याने कायद्यातून हद्दपार केले. पण ‘त्याला जे आहे ते मला द्या’ एवढीच मागणी असली, की राज्यसंस्था ‘त्याला’च कमी देऊन हिशेब मिटवू शकते. समानतेची मागणी करताना, कोणता हक्क सर्वांना हवा आहे, हेही सांगावे लागते.

२१/
पुढच्या वेळी कोणी परदेशी जोडीदारासाठी फायलीत कागद लावताना दिसले, तर एवढे ध्यानात असू द्यावे. त्या फायलीत पारपत्र जोडीदाराचे असले, तरी परवानगी दोघांनाही मागावी लागते आहे. जोडीदाराला या देशात येण्याची, आणि स्पॉन्सरला स्वतःच्याच घरी संसार करण्याची.

(थ्रेड समाप्त. चूक आढळल्यास अवश्य कळवावी.)