त्रिनिदादमध्ये मराठी माणूस का नाही?

आपण राहतो त्या क्युपर्टिनोचं नाव आलं कुठून? १७७६ मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्झाची स्पॅनिश मोहीम इथून गेली, तेव्हा एका ओढ्याला इटलीतल्या संताचं नाव दिलं गेलं, तेच पुढे गावाला चिकटलं. त्रिनिदाद हे नावही असंच, कोलंबसाने १४९८ मध्ये ठेवलेलं. ते बेट १७९७ मध्ये स्पेनकडून ब्रिटिशांकडे गेलं आणि ३१ ऑगस्ट १९६२ ला 'त्रिनिदाद आणि टोबॅगो' म्हणून स्वतंत्र झालं.

मधल्या काळात काय घडलं? १८३८ मध्ये तिथल्या गुलामांची पूर्ण सुटका झाली. मळेवाल्यांना ऊस तोडायला माणसं तर हवी होती, पण मोकळ्या झालेल्या माणसांनी मागितलेली मजुरी द्यायची नव्हती. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायचं ठरलं. पहिलं जहाज ३० मे १८४५ ला पोहोचलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं गेली. करार साधारण पाच वर्षांचा, आणि कामावर न जाणं हा गुन्हा! तुरुंगही व्हायचा.

यांत मराठी माणसं जवळपास नाहीत. का? उत्तर बंदरात आहे. कॅरिबियनची जहाजं मुख्यतः कलकत्त्याहून सुटायची, त्यामुळे भरती बिहार आणि आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातून झाली. तिथे भोजपुरी पोहोचली. मॉरिशसला मात्र मुंबईहूनही जहाजं जात. त्यांतून कोकणातली माणसं गेली. म्हणून आज मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

या व्यवस्थेने आणखी एक गोष्ट केली. आफ्रिकी वंशाच्या कामगारांची मजुरी वाढू नये म्हणून भारतीय आणले गेले. दोघांमधली ती फट स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणातही दिसत राहिली. पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स स्वतः इतिहासकार होते. गुलामगिरीच्या नफ्याने ब्रिटनच्या उद्योगांना भांडवल पुरवलं, हे त्यांनी १९४४ मध्येच मांडलं होतं. पण मळ्यावरचा हिशोब मिटवणं पुस्तक लिहिण्याइतकं सोपं नव्हतं.

'आम्ही स्वतःच्या हिमतीवर आलो,' असं आपण इथे म्हणतो. ते खोटं नाही. आपल्याला कुणी मळ्यावर डांबलं नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. तरीही कुणाला, कुठून आणि कुठल्या अटींवर येऊ द्यायचं, हे तेव्हाही मजुरांची गरज असणाराच ठरवत होता. व्हिसाच्या रांगेत उभं असताना हे आठवायला हरकत नाही.