१/७२ : आपलं विमान कुठलं?

प्लास्टिकची विमानं जोडायचा नाद असलेला कुणी भेटला, की पाच मिनिटांत त्याच्या तोंडून "वन सेव्हंटी टू" येणारच. आमच्या जमातीचा तो परवलीचा शब्द आहे म्हणा ना! हा ७२ आला फूट-इंचाच्या हिशोबातून. मॉडेलमधला एक इंच म्हणजे खरे सहा फूट, आणि सहा फुटांत ७२ इंच. थोडक्यात, उभा वैमानिक एक इंचाचा. हॉकर हरिकेनच्या पंखांचा पसारा ४० फूट, तो मॉडेलमधे १७ सेंटिमीटरच्या आत बसतो. एक वीतसुद्धा भरत नाही.

ब्रिटनमधे १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीने याच मापाची, जोडायची प्लास्टिक विमानं बाजारात आणली. पुढे दुसऱ्या महायुद्धात हे खेळणं चक्क सरकारी कामाला लागलं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकाला नुसत्या आकृतीवरून काही क्षणांत ओळखता यायला हवं. मग शिकवायचं कसं? १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाने शाळांना आवाहन केलं: मुलांनी लाकडाची पाच लाख मॉडेल्स बनवून द्यावीत. माप अर्थातच १/७२. शाळेच्या सुतारकामाच्या तासाला पोरं मेसरश्मिट आणि झीरो तासायला लागली.

म्हणजे हा छंद मुळात "आपलं कोण, परकं कोण" या प्रश्नाशी जोडलेला आहे. आणि आपल्याकडे, त्याच १९४२ साली, नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर सगळ्यात अवघड होतं.

आता हरिकेनच घ्या. स्पिटफायरइतकं देखणं नाही, पण दणकट. मागचा अर्धा सांगाडा कापडाने मढवलेला, त्यामुळे आतल्या पट्ट्यांचे उंचवटे बाहेरून दिसतात. चांगल्या किटमधे ते हलकेच कोरलेले असतात. सांधा घासताना सँडपेपर जरा जोरात फिरला की गेले! बाकी कृती नेहमीची. स्प्रूवरून भाग कापायचे, कडा साफ करायच्या, प्लास्टिक किंचित वितळवून जोडणारा सिमेंट लावायचा, फटीत पुट्टी भरायची, वर मातकट आणि गडद हिरव्या रंगाचे पट्टे मारायचे. सगळ्यात शेवटी डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं.

खरा इतिहास या डेकलमधे आहे. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हात मधे लाल ठिपका असे. पण जपानी विमानांवरही लाल गोळाच! ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्याच विमानाला शत्रू समजून गोळ्या घातल्या जाऊ नयेत, म्हणून तिथला लाल ठिपका काढून टाकला गेला. राहिला गडद निळा, आणि आत फिकट. अमेरिकेनेही १९४२ च्या मे महिन्यात आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका याच कारणाने पुसला.

भारतीय हवाई दलाची स्क्वाड्रन नं. १ हरिकेन घेऊन १९४४ मधे इंफाळला लढली, ती याच निळ्या चिन्हाखाली. स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांना तिथेच डीएफसी पदक मिळालं. समोर जपानी सैन्य होतं, आणि त्याच्या बरोबरीने आझाद हिंद सेना. वर भारतीय, खाली भारतीय.

आता नंदुरबार. तेव्हा पश्चिम खानदेशातलं हे व्यापारी गाव. "चले जाव"नंतर बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ ला, इथे शाळकरी पोरांची मिरवणूक निघाली. पुढे तिरंगा. पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही पाच पोरं गेली. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. नंदुरबारात त्यांचं स्मारक आहे, आणि खानदेशातल्या मुलाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही.

वय बघा. अमेरिकेत लाकडी विमानं तासणारी पोरं आणि नंदुरबारात झेंडा धरणारी पोरं एकाच वयाची. इंफाळच्या हरिकेनमधले वैमानिकही यांच्याहून फार मोठे नव्हते. ज्या सरकारच्या पोलिसांनी शिरीषकुमारवर गोळी झाडली, त्याच सरकारच्या विमानात बसून ते लढत होते. त्यांना गद्दार म्हणायचं का? माझ्याच्याने म्हणवत नाही.

कारण पुढची पाच वर्षं बघा. १९४७-४८ मधे काश्मीर वाचवायला स्पिटफायर आणि टेंपेस्ट उडाली, ती याच युद्धात तयार झालेल्या वैमानिकांनी उडवली. आपले हृषिकेश मुळगावकर त्यांतलेच. १९४० साली ब्रिटिश अमदानीत हवाई दलात शिरले, काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवलं आणि १९७६ साली हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या काश्मीरच्या विमानांवर निळं अशोकचक्र होतं. आजचा केशरी-पांढरा-हिरवा गोल आला १९५० मधे. विमान तेच, कारखाना इंग्रजांचा, बदललं ते फक्त चिन्ह. पण ते बदलण्यासाठी नंदुरबारच्या पाच पोरांसारखी कितीतरी माणसं गेली होती.

कुणी विचारतं, "काय रे, इंग्रजांची विमानं कसली जोडतोस?" प्रश्न रास्त आहे. मी डेकलकडे बोट दाखवतो. निळा गोल, मग चक्र, मग तिरंगी. तिन्ही ओळीने शेल्फवर ठेवायचा बेत आहे, १/७२ मधे. पहिलं झालंय. टेंपेस्टचं किट मिळायला जरा त्रास आहे, पण मिळेल. असो.