जबान संभाल के

हिंदी विनोदी दूरचित्रवाणी मालिका. ‘माइंड युवर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेचे भारतीय रूपांतर. १९९३ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर सुरू झाली. दिग्दर्शक राजीव मेहरा.

मूळ मालिका : व्हिन्स पॉवेल यांची ‘माइंड युवर लँग्वेज’ ३० डिसेंबर १९७७ पासून आयटीव्हीवर दाखवली गेली. परदेशातून आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवणारा जेरेमी ब्राउन (बॅरी एव्हान्स) आणि त्याचा गोंधळी वर्ग हा तिचा विषय. वर्गात शीख, पाकिस्तानी, इटालियन, ग्रीक, जपानी असे विद्यार्थी होते. परदेशी माणसांना ठरावीक साच्यात बसवून त्यांची टिंगल केली जाते, असा आक्षेप घेतला गेला आणि १९७९ मध्ये मालिका थांबली. १९८६ मध्ये तिचे आणखी १३ भाग निघाले.

अमेरिकी रूपांतर : याच मालिकेवरून अमेरिकेत १९८६ मध्ये ‘व्हॉट अ कंट्री!’ निघाली. तिथे भाषेच्या वर्गाऐवजी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करणारा वर्ग आला. मालिका मात्र एका हंगामातच आटोपली. ब्रिटिश विनोदी मालिका अमेरिकी घरात आणण्याची प्रथा त्याआधीच रूढ झाली होती. ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरून ‘ऑल इन द फॅमिली’ (१९७१) आणि ‘स्टेपटो अँड सन’वरून ‘सॅनफर्ड अँड सन’ (१९७२) या मालिका गाजल्या. उलट, ‘फॉल्टी टॉवर्स’चे अमेरिकीकरण तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा फसले.

भारतीय रूपांतर : मनाजोगती नोकरी न मिळाल्याने हिंदी शिकवू लागलेला अभियंता मोहन भारती ही भूमिका पंकज कपूर यांनी केली. चार्ल्स स्पेन्सर या इंग्रज विद्यार्थ्याच्या भूमिकेत टॉम अल्टर होते. मुख्य फरक वर्गाच्या घडणीत आहे. लंडनच्या वर्गात सगळेच परके. इथल्या वर्गातले बहुतेक जण याच देशाचे, फक्त मातृभाषा वेगळी. त्यामुळे परक्याला हसण्याची जागा शेजाऱ्याच्या थट्टेने घेतली. साचे मात्र इथेही राहिलेच. परदेशी माणसांच्या जागी प्रांत आले.

मराठी संबंध : वर्गातला मराठी विद्यार्थी विठ्ठल बापूराव पोटे विजू खोटे यांनी रंगवला. संस्थेच्या प्रमुख दीक्षितबाई झाल्या त्यांच्या भगिनी शुभा खोटे, तर शुभाताईंची कन्या भावना बलसावर विद्यार्थिनीच्या भूमिकेत होती. मराठी माणसाची हिंदीशी होणारी गफलत वेगळ्या जातीची असते. लिपी एकच, शब्दही ओळखीचे, म्हणून तो बेधडक बोलतो आणि अर्थात अडकतो : मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण, मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न, मराठीत ‘यातायात’ म्हणजे दगदग, हिंदीत वाहतूक. अनोळखी भाषेपुढे माणूस बिचकतो. ओळखीच्या भाषेत तो बिनधास्त चुकतो, आणि पोटेसारख्या पात्राची गंमत त्या बिनधास्तपणात आहे.