ओढून घेतलेलं दार

ऑक्टोबर १९९७, साउथॅम्प्टन. विद्यार्थी वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर तुम्ही उभे आहात. ओल्या टॉवेलांचा आणि करपलेल्या टोस्टचा वास. डायनाला जाऊन जेमतेम दीड महिना झालाय. खिशात मोबाइल शोधू नका. फोन खाली जिन्याजवळ आहे, नाण्यांवर चालणारा. सत्र नुकतंच सुरू झालंय आणि अख्खा मजला खोकतोय. साधारण दहातल्या एकाच्या घशात मेनिंजायटिसचा जंतू, मेनिंगोकॉकस, निमूट बसून असतो. शेकडो नवे घसे एका छताखाली आले, की त्याचं फावतं. याच महिन्यात इथले विद्यार्थी मेनिंजायटिसने दगावले, हे तुम्ही वाचून आला आहात.

सात नंबरचं दार कुणीतरी हलकेच ओढून घेतलंय. "काल जरा जास्त झाली त्याला. झोपू दे." मायेनेच म्हणतात. मला तर या मायेचीच धास्ती वाटते.

दार ढकला. दिवा लावताच तो उशीत तोंड खुपसतो. बादलीत उलटी. कपाळ तापलंय, पण हात धरून बघा, बर्फ! पोटऱ्या ठणकतात म्हणतो. काल तर खेळायलाही गेला नव्हता. गार हातपाय, पायांतली कळ आणि उतरलेला रंग ही लक्षणं मान ताठण्याच्या कितीतरी तास आधी येतात, हे 'लॅन्सेट'मध्ये छापून यायला २००६ उजाडेल. या मजल्यावर ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

हनुवटी छातीला लावायला सांगा. लागत नाही. वार विचारला तर खोलीचा नंबर सांगतो.

बेसिनवरचा काचेचा पेला घ्या. पोटावर टाचणी टोचल्यासारखे जांभळट ठिपके आहेत, त्यांवर दाबून धरा. साधं पुरळ काचेखाली पुसट होतं. हे तसंच राहतं, कारण रक्त कातडीत झिरपलंय. (आपल्या सावळ्या रंगावर तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू बघावी.) ठिपके नसते तरी थांबायचं नव्हतं, कित्येकांना ते उठतच नाहीत.

जिना उतरा. आणीबाणीच्या ९९९ला नाणं लागत नाही. आजाराचं नाव स्पष्ट सांगा, पेनिसिलिनची सुई लवकर मिळेल.

उद्या त्याचे सोबती खबरदारी म्हणून रिफॅम्पिसिनच्या गोळ्या घेतील आणि लघवी केशरी झाली म्हणून खिदळतील. या जंतूच्या 'सी' गटावरची नवी लस यायला अजून दोन वर्षं आहेत. हल्ली पुण्याहून तिकडे शिकायला जाणारी पोरं टोचून घेतात, ती चार गटांची लस तर इथल्या विद्यार्थ्यांना २०१५ मध्ये मिळेल, आणि तीत 'बी' गट नसेलच.

अँब्युलन्स गेली. परत वर या. चौदा नंबरचं दारही ओढून घेतलेलं आहे.